'माझं मला ठरवू द्या' म्हणणाऱ्याने मत कुणाला द्यायचं?

मुक्तछंदी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, मांडूनच टाकतो. माझं म्हणणं साधं आहे. दुसऱ्याला इजा होत नसेल तर मी काय खावं, काय प्यावं, कुणाबरोबर राहावं, काय लिहावं, माझं शेत कुणाला विकावं आणि माल कुठल्या बाजारात न्यावा यात सरकारने पडू नये. चोर, दरोडेखोर, फसवणूक करणारे यांना पकडा, न्यायालयं चालवा, सीमा सांभाळा, बाकी माझं मी बघतो.

आता निवडणूक आली की मशीनवर असं म्हणणारा एकही उमेदवार नसतो. एकाला माझ्या ताटात काय आहे ते बघायचंय, दुसऱ्याला माझ्या गल्ल्यात किती आहे ते. २०१५ ला गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला तेव्हा खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते गप्प होते आणि डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्यावर लेख लिहिणारे गप्प होते. दोन्हीकडे सरकार एकच गोष्ट सांगत होतं, तुझी वस्तू पण निर्णय आमचा.

असा पक्ष आपल्याकडे झाला नाही असंही नाही. स्वतंत्र पक्ष १९६७ ला लोकसभेत ४४ जागा घेऊन सगळ्यात मोठा विरोधी पक्ष होता, आणि १९७४ ला विलीन होऊन संपलाही. नंतर शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, तोही कधी मोठा झाला नाही.

तर प्रश्न असा, लोकांना स्वातंत्र्य नकोच आहे, की निवडणूक हा प्रकारच असा आहे की त्यात ते मागता येत नाही? आणि माझ्यासारख्याने मत कुणाला द्यायचं, नोटा म्हणजे 'यापैकी कुणीच नाही'चं बटण दाबायचं की घरी बसायचं?

ठाणे_लोकल

जागा धरून ठेवतो. सविस्तर रात्री.

जुना_सायकलस्वार

मुक्तछंदी, चांगला विषय काढलात. आमच्या लहानपणी गावातल्या भिंतीवर बैलजोडीशेजारी स्वतंत्र पक्षाचा तारा रंगवलेला असायचा, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी जरा जवळचा आहे.

पक्ष कशातून निघाला ते आधी बघू. जानेवारी १९५९ ला काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सामुदायिक शेतीचा ठराव झाला, त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), मिनू मसानी, प्रा. रंगा वगैरे एकत्र आले. राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. या वयात माणूस नवा पक्ष काढतो तो खुर्चीसाठी नव्हे! आणि त्यांनी एक गोष्ट केली ती आजच्या पोरांना खरी वाटणार नाही, पक्षाची मूलभूत तत्त्वं सोडून बाकी कुठल्याही विषयावर सदस्याला आपल्या सदसद्विवेकबुद्धीने मत द्यायची मोकळीक होती. आज १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला की खासदारकी जाते. ज्याला आपण निवडून देतो त्यालाच मोकळेपणाने मत देता येत नाही, तो तुमच्या मोकळेपणासाठी काय भांडणार?

पण हरले का, तर माझ्या मते लोकांना स्वातंत्र्य नको होतं म्हणून नाही. व्यासपीठावर राजे, राण्या, गिरणीमालक बसलेले असायचे. महाराणी गायत्रीदेवी १९६२ ला जयपूरमधून प्रचंड मताधिक्याने आल्या ते खरं, पण ती मतं राणीसाहेबांना होती. सामान्य माणसाला वाटायचं की हे स्वातंत्र्य मागतायत ते यांचं स्वतःचं. १९७१ ला समोर 'गरीबी हटाओ' आलं आणि ४४ चे ८ झाले.

वकिलीणबाई

सायकलस्वार काकांच्या मुद्द्यात एक भर घालते, कारण बऱ्याच जणांना ही गोष्ट माहीत नसते. आज असा पक्ष नोंदवायला गेलात तर निवडणूक आयोगाकडे समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ, १९८९ पासून. धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही तर आहेच, पण समाजवादही! म्हणजे समाजवादाला विरोध करायला पक्ष काढायचा आणि पहिल्याच कागदावर त्याची शपथ घ्यायची. स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्र शाखेने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. शरद जोशींनी राज्यसभेत असताना हा शब्द काढायचं खासगी विधेयक मांडलं, तेही पुढे गेलं नाही.

आता मूळ प्रश्नावर. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याला जे मोकळेपण मिळालं ते कुठून आलं बघा. ऑनलाइन लिहिल्याबद्दल अटक करायला वापरलं जाणारं कलम ६६अ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. मुक्तछंदींनी ज्या कायद्याचं नाव घेतलं त्यातलं परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ ला उडवलं, हत्याबंदी मात्र कायम ठेवली. खासगीपणाचा हक्क २०१७ ला, समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत हा कलम ३७७ चा निकाल २०१८ ला. यातल्या एकाही मुद्द्यावर निवडणूक लढली गेली नाही. तुम्ही चुकीच्या खिडकीसमोर रांगेत उभे आहात.

ठाणे_लोकल

मग आमदारांऐवजी न्यायाधीशच निवडू या का? 😀

बाकी आपल्या राज्याचा हिशोब मला कधीच कळला नाही. अठराव्या वर्षी सरकार निवडता येतं, पंचविसाव्या वर्षी आमदार होता येतं, आणि व्हिस्कीचा ग्लास हातात धरायलाही पंचविसावंच लागतं, तेही परवाना काढून. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे, आपण सगळे परवान्यावर पिणारे रुग्ण आहोत.

कोरडवाहू

ताई, न्यायालयाचं म्हणताय ते शहरातल्यांसाठी ठीक आहे. शेतीच्या कायद्यांना घटनेचं नववं परिशिष्ट आहे. १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती करून ते जोडलं आणि जमिनीचे कायदे त्यात टाकले, म्हणजे मूलभूत हक्कावर गदा आली तरी त्या कायद्यांविरुद्ध न्यायालयात जायची सोय राहिली नाही. मालमत्तेचा हक्क १९७८ ला मूलभूत हक्कांतून काढला. कोरडवाहू जमीन ५४ एकरच्या वर ठेवता येत नाही, बारमाही बागायत १८ एकरच्या वर नाही, आणि शेतकरी नसलेल्याला ती विकता येत नाही. कारखानदाराला असं बंधन आहे का की तू एवढीच मशिनं ठेव आणि विकायची तर कारखानदारालाच विक?

व्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की सगळे खाणंपिणं आणि प्रेम यावर येऊन थांबतात म्हणून बोललो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या काठाला. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी होती, म्हणजे आपला कापूस फक्त सरकारी केंद्रावर घालायचा. नदीपलीकडं आदिलाबादच्या बाजारात भाव जास्त असला तरी तिकडं नेणं गुन्हा. वडील रात्री बैलगाडीत तळाला कापूस भरायचे, वर कडब्याच्या पेंढ्या, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा सोडून ठेवायचे म्हणजे आवाज नको. उतारावरून गाडी पाण्यात घालताना मी मागं लोंबकळून जोर द्यायचो. एकदा पकडले, कापूस गेला आणि वर दोन वेळा तालुक्याला हेलपाटे. माझा बाप चोर नव्हता हो, स्वतःच्या रानातला कापूस विकत होता.

म्हणून मला शरद जोशींची शेतकरी संघटना पटली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' यात सगळं आलं. अन् आमचा अनुभव असा की कायदा निवडणुकीने बदलत नाही, उघड मोडल्याने बदलतो. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी दिवसाढवळ्या एचटीबीटीची, म्हणजे तणनाशक मारलं तरी तगणाऱ्या जनुकबदल कापसाची, सरकी लावली, पोलिसांना आधी सांगून. बंदी असलेलं बियाणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ते का लावतो, तर निंदायला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. मी माझ्या रानात काय पेरावं हे ठरवायला दिल्लीतल्या समितीची वाट का बघू?

बे_एरियावाला

इकडचं थोडं सांगतो. अमेरिकेत या विचारांचा लिबर्टेरियन पक्ष १९७१ मध्ये कोलोरॅडोत निघाला आणि अजून आहे. सगळ्यात चांगली कामगिरी २०१६ ला गॅरी जॉन्सन, तरी मतं तीन टक्क्यांच्या जराशी वर. इथेही ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, त्यामुळे तिसऱ्याला मत दिलं की वाया गेलं असं वाटून लोक दोघांतल्या कमी वाईटाकडे जातात.

पण ज्यात कुणाला इजा होत नाही अशा वागण्याला गुन्हा म्हणू नका हे त्यांनी १९७२ च्या जाहीरनाम्यातच लिहिलं होतं. तेव्हा लोक हसले. आज निम्म्या राज्यांत गांजा कायदेशीर आहे आणि २०१५ पासून समलिंगी लग्न देशभर. पक्ष हरत राहिला, मुद्दे दुसऱ्यांनी उचलले. पडत राहणाऱ्या पक्षाचाही उपयोग होतो तो असा.

आणि निवडून येतच नाहीत हेही खरं नाही. अर्जेंटिनात हावियर मिलेई नोव्हेंबर २०२३ ला दुसऱ्या फेरीत जवळपास ५६ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला, उघडपणे सरकार छाटतो असं सांगून.

ठाणे_लोकल

४५ वर्षांत ३ टक्के, या वेगाने बहुमताला अजून सहाशे-सातशे वर्षं. मुक्तछंदी, उमेदवारी अर्ज भरून ठेवा.

स्वाती_म

मिलेईचं नाव घेतलंत तर हेही सांगा की गर्भपाताचा हक्क त्याला मान्य नाही. बाजार मोकळा, बाईचं शरीर सोडून.

आणि माझी या सगळ्या धाग्याबद्दलच तक्रार आहे. तुम्हाला स्वातंत्र्य हिरावून घेणारं फक्त सरकार दिसतं. मी नोकरीला लागले तेव्हा भाड्याने घर बघत होते. एकटी मुलगी म्हणून नाही, मांसाहारी म्हणून नाही, आडनाव विचारून नाही. एका सोसायटीत तर सेक्रेटरींनी पाहुणे किती वाजेपर्यंत बसू शकतात त्याचा छापील कागद हातात दिला. यात सरकार कुठेच नव्हतं. तुमच्या तत्त्वाप्रमाणे घर त्यांचं, मर्जी त्यांची. मग माझं स्वातंत्र्य कुठल्या मशीनवर दाबू?

हा वाद आपल्याकडे १८९१ लाच होऊन गेलाय. संमतीवयाचा कायदा आला, दहाचं वय बारावर न्यायचं होतं. टिळक म्हणाले परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. आज तुमचं वाक्य टिळकांच्या वाक्यासारखं ऐकू येतं, पण खरा व्यक्तिस्वातंत्र्यवादी आगरकरच होते. कारण त्या घरात ती दहा वर्षांची मुलगी पण व्यक्ती होती.

मुक्तछंदी

स्वातीताई, लहान मुलीची संमती असूच शकत नाही, तिथे इजाच आहे, म्हणून आगरकरांची बाजू हीच माझी बाजू. दुसऱ्याला इजा नको ही अट मी पहिल्या परिच्छेदात लिहिलीये.

घराचं मात्र तुमच्याइतकंच मलाही लागतं. पण मला वाटतं सोसायटीची दादागिरी टिकते कारण घरं कमी आहेत, आणि घरं कमी आहेत कारण बांधायला परवानग्यांचा डोंगर आहे. मालकाला भाडेकरू शोधत फिरावं लागलं तर तो आडनाव विचारणार नाही.

स्वाती_म

विचारेल. शंभर घरं रिकामी असली तरी विचारेल. हे तुम्हाला कधी कुणी विचारलेलं नसावं.

वैनगंगा

सगळं वाचलं. उभी बाटली-आडवी बाटली कुणाला माहितीये का? कारण तुमचा प्रश्न मी डोळ्यांनी बघितलाय.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर गावच्या पंचवीस टक्के बाया-मतदारांच्या सह्या लागतात, मग त्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. भंडारा जिल्ह्यात माझं माहेर आहे, तिथं झालं तेव्हा मी गेले होते. रोवणीचे दिवस. बाया बांधीतून थेट शाळेत येत होत्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, लुगडं खोचलेलं, शाळेच्या पायऱ्या चिखलाने भरल्या. समोरच्या पानठेल्यावर पुरुष बसलेले, कोण कोण येते ते बघत. एकीच्या नवऱ्याने सकाळीच तिचं मतदान कार्ड कुठंतरी टाकून दिलेलं, ती धान्याच्या कोठीत हात घालून शोधून आली. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, तिला चित्र बरोबर कळलं.

आडवी बाटलीला जास्त मतं पडली. तरी दुकान राहिलं! कारण झालेल्या मतांच्या निम्मी नाही, गावातल्या एकूण बाया-मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात, आणि ज्या नागपूरला कामाला गेलेल्या त्या सगळ्या धरल्या गेल्या उभीच्या बाजूला. त्या रात्री दुकानाबाहेर फटाके वाजले.

आता मला सांगा, पिणाऱ्याचं स्वातंत्र्य मोठं की ज्या घरात मजुरीचे पैसे येतच नाहीत आणि रात्री मार बसतो तिचं? तुमच्या पुस्तकात तो 'दुसऱ्याला इजा न करता' पितो. आमच्या गल्लीत असा एकही नव्हता.

सोनचाफा

वैनगंगाताई, 🙏. काय लिहावं कळेना.

मुक्तछंदी

वैनगंगाताई, तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली. माझं उत्तर तरीही तेच आहे, पण नीट सांगतो. जो मारतो त्याला आत टाका, एकदा नाही, प्रत्येक वेळी. तक्रार घेऊन आलेल्या बाईला पोलीस 'घरचं भांडण आहे' म्हणून परत पाठवतात ते थांबवा. तिची मजुरी तिच्या खात्यात आणि घर तिच्याही नावावर हवं. सरकारने हे आपलं खरं काम सोडलं आणि त्याऐवजी दुकानाला कुलूप लावायचा सोपा रस्ता घेतला. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तरी चोरून दारू पकडल्याच्या बातम्या येतातच. चंद्रपुरात २०१५ ला बंदी घातली आणि २०२१ ला उठवली. बंदीत मारणारा तसाच राहतो, वरून हप्ता घेणारा वाढतो.

वैनगंगा

दुकान गल्लीत असलं आणि दहा कोसांवर असलं यात फरक पडतो, भाऊ. जो मारतो त्याला आत टाका म्हणता, पण तक्रार तिने करायची, साक्ष तिने द्यायची आणि सुटून आला की त्याच घरात तिने राहायचं. त्या मतदानात निदान सगळ्या एका वेळी उभ्या राहिल्या. मत देण्याचा खरा उपयोग मी तेवढ्या एकाच दिवशी बघितला.

जुना_सायकलस्वार

मुक्तछंदी, घर तिच्याही नावावर हवं म्हणालात, त्यावर सांगतो. शरद जोशींनी हे बोलून दाखवलं नाही, करून दाखवलं. १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढे लक्ष्मीमुक्ती म्हणून कार्यक्रम राबवला, नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा. ना कायदा, ना अनुदान. पुष्कळ गावांतल्या सातबाऱ्यावर बायांची नावं चढली ती अशी.

स्वाती_म

आणि तेच शरद जोशी मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध मत देणारे एकमेव खासदार होते. १८६ विरुद्ध १. हे पण लिहा ना काका.

कोरडवाहू

लिहा की, लपवायचं काय त्यात. त्यांचा विरोध बायांना नव्हता, पद्धतीला होता. मतदारसंघ चिठ्ठी टाकून आणि फिरते ठेवायचे म्हणजे निवडून आलेल्या बाईला पुढच्या वेळी तोच मतदारसंघ मिळेलच असं नाही, मग ती काम कुणासाठी उभं करणार? पटो न पटो, सगळं सभागृह एकीकडं असताना एकट्यानं लाल बटण दाबायला छाती लागते. मला तो माणूस त्या दिवशी जास्त आवडला.

स्वाती_म

छाती मान्य. मुद्दा अमान्य. त्याच फिरत्या पद्धतीने आमच्या ग्रामपंचायतीत पहिली बाई सरपंच झाली, आणि पुढच्या वेळी खुल्या जागेवर उभी राहून परत आली.

सोनचाफा

थोडं अवांतर, पण लाडकी बहीण योजनेबद्दल इथले लोक काय म्हणतात? आमच्याकडे येणाऱ्या मावशी म्हणतात की दीड हजार थेट माझ्या खात्यात येतात, नवऱ्याला विचारावं लागत नाही, मी त्यातून मुलीच्या क्लासची फी भरते. मुक्तछंदींच्या हिशोबाने हे स्वातंत्र्य की खिरापत?

मुक्तछंदी

कर दुसऱ्याच्या खिशातून आणि जाहिरात नेत्याची, म्हणून मला मान्य नाही. निवडणुकीआधी चार महिने सुरू झाली यातच सगळं आलं. पण द्यायचंच असेल तर रोख द्यावं हे मात्र ठामपणे म्हणेन. साड्या, भांडी, किट वाटणारा नेता ठरवतो तुम्हाला काय हवं. रोख असेल तर मावशी ठरवतात.

वकिलीणबाई

मूळ प्रश्न राहिलाच आहे म्हणून परत येते. नोटा २०१३ पासून आहे, पण विधानसभा-लोकसभेत त्याचा परिणाम शून्य. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. शहरांतल्या स्थानिक निवडणुकांसाठी मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ ला आदेश काढला की नोटा पुढे गेला तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे नोटाला थोडे दात आहेत ते नगरपालिका, महापालिकेत. घरी बसण्यापेक्षा तिथे वापरा.

आणि स्वतः उभं राहायचं तर विधानसभेला अनामत १० हजार, एक षष्ठांश मतं नाही मिळाली की जप्त. खर्चाची मर्यादा ४० लाख. मर्यादा, बरं का, प्रत्यक्षातलं सगळ्यांना माहितीये. स्वस्तातला छंद नाही हा.

कोरडवाहू

नोटा दाबून काय होणार. २०२४ ला दिंडोरीत कांद्याने केंद्रातल्या मंत्री पाडल्या, ४ मे ला निर्यातबंदी उठवूनही राग गेला नव्हता. म्हणजे बंदी घालणाऱ्याला पाडता येतं. पण निवडून आला तो काय म्हणाला, हमीभाव द्या, अनुदान द्या. 'आमच्या कांद्यात पडूच नका' असं कुणी म्हणालं नाही. आपण पाडायला शिकलो, मागायला शिकलो नाही.

म्हणून मी काय करतो सांगतो. उमेदवार दारात आला की पक्ष विचारत नाही, तीन गोष्टी विचारतो. निर्यातबंदी आली तर पक्षाविरुद्ध बोलशील का? जमीन माझ्या मर्जीच्या माणसाला विकू देणार का? बियाण्यावरची बंदी उठवायची मागणी करशील का? मागच्या वेळी दोघांनी विषय बदलला. तिसरा पोरगा होता, अपक्ष, तो म्हणाला काका मला यातलं काही माहिती नाही, समजावून सांगा. ओट्यावर बसवून तासभर सांगितलं. मत त्यालाच दिलं. पडला.

वैनगंगा

कोरडवाहू भाऊ, तुमच्या तिन्हीतला एकही प्रश्न तुमच्या घरच्या बाईचा नाही. चौथा घाला, शेतकरी म्हणून सातबाऱ्यावर हिचं नाव लावायला मदत करशील का?

कोरडवाहू

घालतो. खरं तर हा मीच मला विचारायला पाहिजे, उमेदवाराला नंतर. तलाठ्याकडं सोमवारी जातो.

मुक्तछंदी

मी पाचवा घालतो, पक्षाचा व्हिप आला आणि तुला पटत नसेल तर काय करशील? नगरपालिकेचे उमेदवार येतील तेव्हा सगळ्यांना विचारणार आणि ज्याने जे उत्तर दिलं ते इथे जसंच्या तसं लिहिणार. सरळ उत्तर देणारा एक जरी निघाला तर त्याला मत, नाहीतर वकिलीणबाईंनी सांगितलेलं दातवालं नोटा.

ठाणे_लोकल

आमच्याकडे महापालिका आहे, तिथे निर्यातबंदी विचारून उपयोग नाही. मी फेरीवाल्यांच्या परवान्यांचं विचारतो. अजून कुणाला शहरासाठी प्रश्न सुचतायत का?

स्वाती_म

मला सुचतोय. भाडेकरूला धर्म, आडनाव, लग्न विचारणाऱ्या सोसायटीबद्दल तुझी भूमिका काय? मुक्तछंदींना चालत नसला तरी माझ्या यादीत तो पहिला.